वनशेतीचे ज्ञान कसे मिळवावे: प्रश्न, तुलना आणि शेतकऱ्याची नजर

वनशेतीत, म्हणजे पिकांबरोबर झाडे वाढवण्याच्या शेतीत, पिकांच्या ओळींमध्ये किंवा बांधावर कोणती झाडे लावावीत, याविषयी सल्ला देणाऱ्यांची उणीव नाही; उणीव आहे ती त्या सल्ल्यामागचे ज्ञान कोणत्या वाटेने आले, हे तपासण्याची. हंगामी पिकांच्या संशोधनाची एक रुळलेली पद्धत आहे. संशोधन केंद्रावर लहान वाफे आखायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांत उपचार (म्हणजे तपासायचे पर्याय) वाटायचे, दोन-तीन हंगाम उत्पादन मोजायचे, सरासरी काढायची आणि सरस ठरेल त्याची शिफारस करायची. धान्याच्या वाणांची निवड करायची असेल, तर ही पद्धत उत्तम आहे. झाड मात्र अनेक वर्षे उभे राहते, त्याची मुळे वाफ्याची सीमा मानत नाहीत, ते चारा, सरपण, लाकूड, फळे आणि सावली अशा अनेक गोष्टी एकाच वेळी देते, आणि त्याचा उपयोग कोणाला होतो हे जमिनीच्या पोतावर जितके अवलंबून असते तितकेच घरातील मनुष्यबळावर आणि झाडावरील हक्कावरही असते. त्यामुळे ‘वनशेती फायद्याची आहे का?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. ‘कोणती रचना, कोणत्या परिस्थितीत, कोणासाठी, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या कारणाने उपयोगी ठरते?’ असा प्रश्न विचारला, तरच हाती काही लागते. हा लेख संशोधक, विस्तार कार्यकर्ते आणि स्वतःच्या शेतावर प्रयोग करणारे शेतकरी गट यांच्यासाठी आहे, आणि त्यात प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष परत नेण्यापर्यंतचे काम क्रमाने मांडले आहे.

या विषयाचा एक धडा आधी सांगणे आवश्यक आहे. नैरोबी येथे १९७८ मध्ये वनशेतीसाठीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली, त्याच सुमारास नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत सुबाभळीसारख्या झुडपांच्या ओळी लावून, त्यांची वारंवार छाटणी करून, तो पाला मधल्या पट्ट्यांतील पिकाला घालण्याची पद्धत आकाराला येत होती. केंद्रावरचे आकडे आशादायक होते आणि ही पट्टाशेती पुढे अनेक देशांत शिफारशीच्या रूपात पोहोचली. शेतकऱ्यांनी मात्र ती फारशी टिकवली नाही. छाटणीचे काम नेमके पेरणी-खुरपणीच्या गर्दीत येत होते, कमी पावसाच्या भागात झुडपे पिकाचे पाणी ओढत होती, आम्लधर्मी नापीक जमिनीत पाल्याचे प्रमाणच अपुरे पडत होते. त्यातच १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सुबाभळीवरील रस शोषणारी सायलिड कीड प्रशांत महासागरातील बेटांमार्गे आशियात आणि पुढे आफ्रिकेत पसरली. नंतरच्या चिकित्सेत आणखी एक गोष्ट पुढे आली, ती अधिक गंभीर आहे: अनेक चाचण्यांमध्ये वाफे इतके लहान होते की झुडपांची मुळे शेजारच्या, झाडे नसलेल्या तुलनेच्या वाफ्यांत शिरत होती. तुलनेच्या वाफ्याचे उत्पादन त्यामुळे घटत होते आणि पट्टाशेतीचा फायदा असायला हवा त्याहून मोठा दिसत होता. थोडक्यात, पद्धत जिथे कमी पडली तिथे ज्ञान मिळवण्याची रीतही कमी पडली होती. पुढील पायऱ्या हा अनुभव समोर ठेवून रचल्या आहेत.

पहिली पायरी: निर्णय कोणाचा आणि कोणता, ते लिहून काढा

कोणतेही झाड लावण्यापूर्वी एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत. या कामातून मिळणाऱ्या ज्ञानामुळे कोणाचा निर्णय बदलणार आहे, हे पहिल्या वाक्यात असावे. तो निर्णय नेमका कोणता, हे दुसऱ्या वाक्यात. ‘सुबाभूळ आणि गिरीपुष्प यांची तुलना’ हे केवळ शीर्षक झाले. ‘ज्या कुटुंबांकडे दोन-तीन दुभती जनावरे आहेत पण चराईची जमीन नाही, त्यांनी बांधावर चाऱ्याचे झाड लावावे की तीच जागा गवताला द्यावी’ हा निर्णय आहे. असे लिहिले की काय मोजायचे, कोणाला विचारायचे आणि किती वर्षे थांबायचे, यातील बरेचसे आपोआप ठरते. निर्णय घेणारी व्यक्ती आणि काम करणारी व्यक्ती एकच आहे का, हेही याच वेळी पाहावे. अनेक ठिकाणी झाड तोडण्याचा हक्क एकाकडे, पाला तोडण्याचे श्रम दुसऱ्याकडे आणि विक्रीचा पैसा तिसऱ्याकडे असतो. ही विभागणी न समजता काढलेला ‘कुटुंबाचा फायदा’ हा आकडा कोणाच्याच कामाचा नसतो.

दुसरी पायरी: आधीपासून असलेले ज्ञान कारणांसह नोंदवा

स्थानिक ज्ञानाचा उल्लेख आजकाल प्रत्येक प्रकल्प अहवालात असतो. पण बहुतेक वेळा ती झाडांची व त्यांच्या उपयोगांची यादी असते. यादीने संशोधन पुढे जात नाही. शेतकरी काय करतात यापेक्षा ते तसे का करतात, त्यामागे कोणती कार्यकारणसाखळी त्यांच्या मनात आहे, हे नोंदवणे महत्त्वाचे आहे.

पूर्व नेपाळच्या डोंगराळ भागात १९९०च्या दशकात झालेल्या कामाचे उदाहरण इथे फार बोलके आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या कडेला चाऱ्याची झाडे राखणाऱ्या तेथील शेतकऱ्यांनी संशोधकांना सांगितले, की मोठ्या पानांच्या झाडांवरून गळणारे पाण्याचे थेंब मोठे असतात आणि ते खालच्या मातीला जास्त मारतात. म्हणून पानांचा आकार, त्यांचा पोत आणि झाडाच्या माथ्याची, म्हणजे फांद्या-पानांच्या छत्राची, उंची पाहून कोणते झाड कुठे ठेवायचे हे ते ठरवत होते. माथ्यावरून गळणाऱ्या पाण्याने होणारी मातीची धूप हा मृदासंधारणाच्या अभ्यासातील गंभीर विषय आहे, आणि त्याची एक सुसंगत, तपासता येण्याजोगी मांडणी शेतकऱ्यांकडे आधीच तयार होती. चाऱ्याबाबतही असेच घडले. तेथील शेतकरी पाल्याची प्रत एका मापाने मोजत नव्हते, तर पोषण आणि पचन यांविषयीचे दोन वेगवेगळे निकष वापरत होते. प्रयोगशाळेतील तपासणीत हे दोन निकष खरोखरच दोन वेगळ्या गुणांशी जुळले: एक जनावराला मिळणाऱ्या प्रथिनांशी आणि दुसरा पचनीयतेशी. केवळ ‘चांगला चारा कोणता’ एवढेच विचारले असते, तर हा भेद हाती लागला नसता.

असे ज्ञान मिळवण्यासाठी बैठक सभागृहात न घेता शेतातच घ्यावी. एका झाडाखाली उभे राहून, झाडाजवळचे आणि झाडापासून दहा-पंधरा पावलांवरचे पीक दाखवून, ‘इथे आणि तिथे फरक कशामुळे?’ असे विचारावे. नंतर उलट प्रश्न करावा: ‘हेच झाड असूनही जिथे पीक बिघडत नाही, अशी जागा आहे का, आणि तिथे वेगळे काय आहे?’ अपवाद सांगताना माणूस आपल्या मनातील कारण उघड करतो. प्रत्येक विधान ‘अमुक घडले की तमुक घडते, कारण…’ अशा एकाच वाक्यात लिहून काढावे आणि ते कोणी सांगितले, कोणत्या जमिनीच्या संदर्भात सांगितले, याची नोंद सोबत ठेवावी. स्त्रिया आणि पुरुष यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण पाला, सरपण आणि फळे गोळा करणाऱ्या व्यक्तीला झाडाची जी बाजू दिसते, ती औत हाकणाऱ्याला दिसत नाही. दोघांची विधाने परस्परविरोधी असतील, तर त्यांत मध्यम मार्ग काढू नये. तो विरोधच पुढे तपासण्याचा मुद्दा असतो.

शेतकऱ्यांच्या ज्ञानाला मर्यादा असतात आणि त्या प्रामाणिकपणे मान्य कराव्यात. जे डोळ्यांना दिसते त्याविषयी ते ज्ञान सहसा खोल असते. मुळांवरील गाठींतील जिवाणू, जमिनीखालची पाण्याची ओढाताण, सूक्ष्म कीड-रोग यांविषयी ते विरळ असू शकते. नेमक्या त्याच जागी मोजणीची साधने कामाला लावावीत. शेतकऱ्यांना जे आधीच ठाऊक आहे, ते सिद्ध करण्यात तीन वर्षे घालवणे हा वेळेचा आणि विश्वासाचा दोन्हींचा अपव्यय आहे.

तिसरी पायरी: झाड पिकाला काय देते आणि काय घेते, ते लागवडीआधी मांडा

झाड-पीक संबंधाचा हिशेब साध्या स्वरूपात असा मांडला जातो: एकूण परिणाम म्हणजे सुपीकतेतून मिळालेला लाभ वजा प्रकाश, पाणी व अन्नद्रव्यांसाठीची स्पर्धा. पुढे त्यात सूक्ष्म हवामान, मृदासंधारण, दीर्घकालीन बदल असे घटकही जोडले गेले. मेल्विन कॅनेल, मेइन फान नूर्डविक आणि चिन ओंग या संशोधकांनी १९९६ मध्ये याच विचाराला धार दिली. त्यांच्या मांडणीनुसार वनशेतीत निखळ लाभ तेव्हाच संभवतो, जेव्हा झाड असे संसाधन मिळवते जे पिकाला एरवी मिळालेच नसते. उदाहरणार्थ, पिकाच्या मुळांखाली निसटून गेलेले पाणी व नत्र, किंवा पीक नसतानाच्या काळातला पाऊस आणि प्रकाश.

हे विधान कसोटी म्हणून वापरावे. आपण निवडलेले झाड कोणते ‘एरवी न मिळणारे’ संसाधन घेणार आहे, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर लागवड पुढे ढकलावी. जमीन दीड हात खोलीवर खडक असलेली असेल, तर ‘झाडाची मुळे खोल जातात’ हे उत्तर तिथे लागू पडत नाही. वार्षिक पाऊस पीक पूर्ण वापरून घेत असेल, तर झाडासाठी उरणारे पाणी कुठले, हा प्रश्न टाळता येत नाही. काही झाडांचे वेळापत्रकच निराळे असते: आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातील फेडर्बिया अल्बिडा हे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या ऋतूत हिरवे होते, त्यामुळे पिकाच्या काळात त्याची सावली विरळ राहते. अशी यंत्रणा आधी लिहिलेली असली, की पुढे निकाल अपेक्षेविरुद्ध आला तरी साखळीतील कोणता दुवा तुटला हे शोधता येते. यंत्रणाच लिहिली नसेल, तर अपयशातून ‘जमले नाही’ एवढेच कळते.

चौथी पायरी: तुलना कशाशी, हे काटेकोरपणे ठरवा

वनशेतीतील बहुतेक चुकीचे निष्कर्ष तुलनेतून जन्म घेतात, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

पहिली अडचण कारण आणि परिणाम यांच्या गल्लतीची आहे. नुकत्याच सांगितलेल्या फेडर्बियाच्या खालची माती उघड्या रानापेक्षा अधिक सुपीक आढळते आणि तिथे बाजरीचे पीक जोमदार दिसते. पण झाडाने माती सुपीक केली, की मुळात सुपीक असलेल्या ठिकाणीच रोपटे तग धरू शकले? जुने वारूळ, जनावरे बसण्याची जागा किंवा पाणी साचणारा खोलगट भाग असेल, तर तिथे झाड जगण्याची शक्यता आधीच जास्त असते. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात काम करणाऱ्या संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने उपस्थित केला आणि तेव्हापासून उभ्या झाडाखालील व बाहेरील मातीची साधी तुलना पुरेशी मानता येत नाही. यावर उपाय तीन आहेत: लागवडीपूर्वी प्रत्येक जागेच्या मातीचा नमुना घेऊन जपून ठेवणे, नव्या लागवडीच्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडणे, आणि जुन्या झाडांचाच अभ्यास करायचा असेल, तर वेगवेगळ्या वयांची झाडे घेऊन वयाबरोबर फरक वाढतो का हे पाहणे. रोपट्याखालची माती जुन्या झाडाखालच्या मातीइतकीच सुपीक निघाली, तर श्रेय झाडाला देता येणार नाही.

दुसरी अडचण मुळांची. तुलनेचा वाफा झाडांपासून किती दूर हवा, याला सर्वत्र लागू पडेल असा आकडा नाही. तो झाडाची जात, वय आणि जमीन यांवर ठरतो. अनेक जातींची आडवी मुळे माथ्याच्या विस्ताराच्या कितीतरी पलीकडे जातात, एवढे लक्षात ठेवून जागा मोकळी सोडावी. जागा कमी असेल, तर मधे चर खणून मुळे तोडता येतात. परंतु तोडलेली मुळे पुन्हा वाढतात, त्यामुळे चर ठरावीक काळाने पुन्हा उकरावा लागतो, आणि उकरल्याची तारीख नोंदवहीत यायलाच हवी.

तिसरी अडचण ‘फायदा’ कोणत्या मापाने मोजायचा ही. इथे भूमी समतुल्य गुणोत्तर उपयोगी पडते. समजा, एकट्या पिकाचे उत्पादन हेक्टरी ३ टन आणि झाडांबरोबर घेतलेल्या पिकाचे २.१ टन आहे. निव्वळ झाडांच्या लागवडीतून वर्षाला हेक्टरी १० टन लाकूड मिळते आणि मिश्र रचनेत ६ टन. पिकाचा वाटा ०.७, झाडांचा ०.६, बेरीज १.३. म्हणजे मिश्र रचनेच्या एका हेक्टरवर जे मिळाले, ते वेगवेगळे घेण्यासाठी १.३ हेक्टर जमीन लागली असती. केवळ पीक मोजणाऱ्याला इथे तीस टक्के तोटा दिसला असता. या मापाचा दुरुपयोग मात्र सहज होतो: तुलनेतील एकटे पीक किंवा एकटी झाडे मुद्दाम अथवा नकळत निकृष्ट व्यवस्थापनाखाली ठेवली, की गुणोत्तर फुगते. म्हणून एकट्या पिकाला आणि एकट्या झाडांना त्यांच्या त्यांच्या दृष्टीने उत्तम अंतर, खत व मशागत द्यावी. शिवाय हे गुणोत्तर श्रमांविषयी, पैशांविषयी आणि पैसा कधी हातात येतो याविषयी काहीच सांगत नाही; ते हिशेब स्वतंत्रपणे करावे लागतात.

चौथी गोष्ट बहुतेक प्रकल्पांत सुटते. तुलना ‘काहीच न करणे’ याच्याशी न करता, शेतकरी त्याच जमिनीवर आणि त्याच श्रमांत एरवी जे करेल त्याच्याशी करावी. शेणखत घालणे, पडीक ठेवणे, रासायनिक खताची एक मात्रा देणे किंवा आपोआप उगवलेली झाडे राखणे हे खरे पर्याय असतात. शेवटच्या पर्यायाकडे फार काळ दुर्लक्ष झाले. नायजरच्या मराडी भागात १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी रोपे लावण्याच्या अपयशी मोहिमांनंतर शेतातील जिवंत बुंध्यांकडे लक्ष वेधले. त्यांचे फुटवे विरळ करून, छाटून वाढवण्याची पद्धत शेतकऱ्यांनी उचलली आणि ती सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरल्याचा अंदाज आहे. तिथे रोपवाटिकेतील जातींचीच आपसात तुलना करत राहिलो असतो, तर सर्वांत स्वस्त पर्याय तुलनेच्या चौकटीतच आला नसता.

पाचवी पायरी: विविधतेला आखणीत जागा द्या

एका केंद्रावरील चार पुनरावृत्ती आणि वीस उपचार यांपेक्षा पन्नास शेतांवरील प्रत्येकी तीन पर्याय वनशेतीत अधिक शिकवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. शेताशेतांत फरक पडणे हा नेहमीच्या विचारानुसार दोष असतो, आणि तो दाबण्यासाठी एकसारखी जमीन शोधली जाते. वनशेतीत तो फरकच अभ्यासाचा विषय आहे. रिचर्ड को, फर्गस सिंक्लेअर आणि एडमंडो बॅरिओस या वनशेती संशोधकांनी २०१४ मध्ये हेच आग्रहाने मांडले: संशोधन आधी आणि विकास नंतर असा क्रम न ठेवता, प्रत्यक्ष लागवड कार्यक्रमातच वेगवेगळे पर्याय वेगवेगळ्या परिस्थितींत नियोजनपूर्वक पसरवावेत, म्हणजे कुठे काय चालते हे कार्यक्रम चालू असतानाच कळत जाते.

प्रत्यक्ष आखणी अशी करता येते. प्रथम परिस्थितीचे दोन-तीन महत्त्वाचे भेद ठरवावेत, जसे उथळ आणि खोल जमीन, जनावरे असलेली आणि नसलेली कुटुंबे, मोकाट चराई असलेले आणि नसलेले गाव. प्रत्येक गटात पुरेशी शेते येतील अशी निवड करावी. उत्साही आणि रस्त्यालगतचे शेतकरीच घेतले, तर निकाल त्यांच्यापुरताच राहतो. त्यानंतर एका मध्यवर्ती ठिकाणी सर्व पर्यायांची सविस्तर चाचणी ठेवावी आणि भोवतालच्या शेतांवर प्रत्येकी दोन-तीन पर्याय द्यावेत. मलावीत १९९०च्या दशकात सिग्लिंडे स्नॅप आणि सहकाऱ्यांनी पिकांसाठी विकसित केलेली ही ‘माता-बालक’ रचना झाडांनाही चांगली लागू पडते. कोणते पर्याय कोणाला, हे शक्य तितके चिठ्ठ्यांवर सोडावे. शेतकऱ्याला एखादे झाड नकोच असेल, तर त्याचा नकार मान्य करून तो कारणासह नोंदवावा आणि उरलेल्यांत चिठ्ठी टाकावी.

केवळ झाडांतील अंतराचा प्रश्न असेल, तर संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी १९६२ मध्ये सुचवलेली पंख्याच्या आकाराची आखणी थोड्या जागेत अनेक घनता दाखवते. त्यात झाडे मध्यबिंदूपासून निघणाऱ्या किरणांवर लावतात, म्हणून मध्याजवळ दाटी आणि बाहेर विरळता येते. शेतकऱ्यांना ती दाखवून ‘तुम्ही कुठवर झाडे ठेवाल?’ असे विचारणे हा चर्चेचा उत्तम आरंभ असतो. मात्र त्यात एक झाड मेले की शेजारच्या सर्व मोजण्या बिघडतात.

सहावी पायरी: मोजणी झाडापासून सुरू करा

वाफ्याची एकच सरासरी काढणे म्हणजे माहिती पुसून टाकणे. झाडाचा परिणाम अंतरानुसार बदलतो, म्हणून मोजणीही अंतरानुसार करावी. मोकळ्या शेतातील एकाच झाडाचे उदाहरण घेऊ. बुंध्याभोवती २, ४, ६ आणि ८ मीटर त्रिज्येची चार वर्तुळे दोरी व खुंटीने आखावीत आणि प्रत्येक कड्यात चारही दिशांना ठरावीक आकाराच्या चौकटींतील पीक कापून वजन करावे. समजा, दूरच्या मोकळ्या पिकाच्या तुलनेत आतून बाहेर उत्पादन अनुक्रमे ४०, ८०, ११० आणि १०० टक्के निघाले. चार आकड्यांची सरळ सरासरी ८२.५ टक्के येते आणि झाड बरेच नुकसान करते असे वाटते. परंतु या चार कड्यांची क्षेत्रफळे १ : ३ : ५ : ७ या प्रमाणात आहेत. त्या प्रमाणात वजन देऊन सरासरी काढली, तर ती ९५.६ टक्के येते. पीक तेच, मोजणीही तीच. निष्कर्ष मात्र बदलला. ओळींतील झाडांसाठी कड्यांऐवजी ओळीला समांतर पट्टे घ्यावेत, आणि दोन्ही बाजू स्वतंत्र नोंदवाव्यात, कारण सावली व वारा दोन्ही बाजूंना सारखे नसतात.

उत्पादनाबरोबर किमान तीन गोष्टी नोंदवाव्यात: पेरणीनंतर व दाणे भरताना झाडाजवळचा आणि दूरचा मातीतील ओलावा, प्रत्येक छाटणीची तारीख व पाल्याचे वजन, आणि प्रत्येक कामाला लागलेले तास कोणी दिले. तिसरी नोंद सर्वांत कंटाळवाणी असते आणि पट्टाशेतीच्या अनुभवानंतर तीच सर्वांत मोलाची ठरते. नोंद रोज किंवा आठवड्याला व्हावी. हंगामाअखेर आठवून सांगितलेले तास विश्वासार्ह नसतात. नोंदवहीचा नमुना शेतकऱ्यांबरोबर बसून तयार करावा आणि मूळ प्रत त्यांच्याकडेच ठेवावी.

सातवी पायरी: शेतकऱ्याने केलेला बदल हा निकाल समजा

चाचणी चालू असताना कोणी अंतर बदलतो, कोणी झाडांमध्ये दुसरे पीक घेतो, कोणी निम्मी झाडे उपटतो. रुळलेल्या पद्धतीत अशी शेते ‘बिघडलेली’ म्हणून हिशेबातून वगळली जातात. असे कधीही करू नये. पूर्व झांबियात शेवरीची झाडे दोनेक वर्षे वाढवून नंतर त्या जमिनीत मका घेण्याच्या पद्धतीची चाचणी सुरू होती. रोपे पिशव्यांत वाढवून शेतात नेणे खर्चिक आणि जड होते. शेतकऱ्यांनी वाफ्यावरच्या, मुळे उघडी असलेल्या रोपांची लागवड करून पाहिली आणि ती चालली. काहींनी खुरपणीच्या वेळी मका जिथे खुरटलेला दिसला तेवढ्याच तुकड्यांत रोपे लावली. हे बदल संशोधकांनी टिपले, तपासले आणि ती पद्धत पसरण्यास त्यांचा मोठा हातभार लागला.

त्यासाठी नोंदवहीत एक स्वतंत्र रकाना ठेवावा: काय बदलले, कधी, का, आणि पुढच्या हंगामात तो बदल कायम राहिला का. ‘स्वीकारले’ आणि ‘नाकारले’ एवढ्या दोनच खुणा पुरत नाहीत. सोडून देणाऱ्यांच्या शेतावर आवर्जून जावे. त्यांची मुलाखत घेणे अवघड असते, कारण अनेकांना आपण कार्यक्रमाला निराश केले असे वाटते. म्हणून ‘का सोडले’ असे विचारण्याऐवजी ‘त्या जागेवर आता काय आहे आणि ते कसे चालले आहे’ असे विचारावे. प्रकल्पाकडून रोपे, खते किंवा मजुरी मिळत असेपर्यंतची लागवड आणि ती बंद झाल्यानंतरची लागवड वेगवेगळी मोजावी. खरा कौल दुसऱ्या मोजणीत असतो.

आठवी पायरी: झाडाच्या वेळापत्रकाने थांबा

पहिल्या दोन-तीन वर्षांत रोपे लहान असतात, पिकावर परिणाम नगण्य असतो आणि निकाल सुखावणारे येतात. माथे भिडू लागले की चित्र पालटते. फ्रान्समध्ये माँपेलिएजवळील रेस्टाँक्लिएर येथे १९९५ मध्ये अक्रोडाच्या ओळींमध्ये धान्य घेण्याचे प्रयोग सुरू झाले आणि ते दशकानुदशके चालू राहिल्यामुळेच झाडांच्या वयानुसार पिकाचे उत्पादन कसे बदलते, हे तिथे सलगपणे पाहता आले. प्रत्येकाला एवढा काळ थांबता येणार नाही. अशा वेळी वेगवेगळ्या वयांच्या लागवडी शोधून त्यांची शेजारी-शेजारी मोजणी करावी, आणि संगणकीय प्रारूपांचा आधार घ्यावा. झाड-पीक संबंधांसाठी वानुलकास हे प्रारूप याच हेतूने तयार झाले. प्रारूपाचे उत्तर अंदाज म्हणूनच सांगावे. शेताच्या नकाशावर प्रत्येक झाडाची जागा कायमस्वरूपी नोंदवून, पहिल्या दिवशीच्या मातीचे वाळवलेले नमुने नाव-तारखेसह जपून ठेवले, तर पुढे येणारा दुसरा कोणी काम जिथे थांबले तिथून सुरू करू शकतो.

नववी पायरी: निष्कर्ष सरासरीच्या पलीकडे नेऊन वाचा आणि परत न्या

समजा, ३० शेतांपैकी २० शेतांत पीक २५ टक्क्यांनी वाढले आणि १० शेतांत २० टक्क्यांनी घटले. सरासरी वाढ १० टक्के. ‘वनशेतीमुळे उत्पादन १० टक्के वाढते’ हे वाक्य या ३० पैकी एकाही शेताविषयी खरे नाही. त्याऐवजी त्या दहा शेतांची वैशिष्ट्ये पाहावीत: जमीन उथळ होती का, छाटणी उशिरा झाली का, घरात कामाला माणसे कमी होती का. तिसऱ्या पायरीत लिहिलेली यंत्रणा इथे हाताशी घ्यावी आणि तिच्यातून तो फरक समजतो का, हे तपासावे. मग शिफारस असे रूप घेते: अमुक खोलीपेक्षा उथळ जमिनीवर हे झाड ओळीत लावू नये, बांधावर लावावे, छाटणी पेरणीपूर्वी होणार नसेल, तर ही रचना टाळावी. ज्याच्याकडे तोटा सोसण्याची ताकद नाही, त्याच्या दृष्टीने सरासरी वाढीपेक्षा तोट्याची शक्यता किती, हा आकडा महत्त्वाचा असतो. तो अहवालात पहिल्या पानावर असावा.

निष्कर्ष छापण्याआधी सहभागी शेतकऱ्यांसमोर मांडावेत. प्रत्येकाला त्याच्या शेताचा आकडा स्वतंत्रपणे द्यावा आणि सर्वांची मांडणी नावे वगळून दाखवावी. ‘हा फरक तुम्हाला कशामुळे वाटतो?’ हा प्रश्न इथे पुन्हा विचारावा आणि दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या वाक्यांशी उत्तरे ताडून पाहावीत. कोणते विधान टिकले, कोणते बदलावे लागले आणि कोणते अजून अनिर्णित आहे, अशा तीन याद्या तयार होतात. एखादी जात, रचना किंवा युक्ती विशिष्ट शेतकऱ्याने शोधली असेल, तर तिचे श्रेय कसे द्यायचे आणि ती इतरांना सांगायची की नाही, हे त्याच्या संमतीने ठरवावे. तिसऱ्या यादीतील विधानांतून पुढच्या हंगामात कोणते तपासायचे, ते त्याच बैठकीत निवडावे आणि कोणाच्या शेतावर, कोणत्या झाडाजवळ पहिली खुंटी ठोकायची, हेही तिथेच लिहून घ्यावे.